पान आधी चाचपायचं, मग वाचायचं : वेबसाठी एनव्हीडीए स्क्रीन रीडर कसा आहे?

स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरचा मजकूर अंध व्यक्तीला बोलून दाखवणारा प्रोग्रॅम. विंडोजवरचा एनव्हीडीए हा असा एक स्क्रीन रीडर फुकट मिळतो, म्हणून तो दुय्यमच असणार असं अजूनही बरेच जण धरून चालतात. वेब पानं वाचण्यापुरतं बोलायचं तर हा समज साफ चुकीचा आहे. विंडोजवर बातम्या वाचणं, अर्ज भरणं, तिकीट काढणं, बँकेचं काम करणं यासाठी अंध व्यक्तीला आज पहिल्यांदा कोणता स्क्रीन रीडर सुचवावा, तर आमचं उत्तर हेच आहे. त्याची खरी लंगडी बाजू मराठी आवाजाची आहे, आणि तिच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

ऑस्ट्रेलियातले मायकेल करन यांनी २००६ मध्ये हे काम सुरू केलं, जेम्स टेह त्यांना येऊन मिळाले. दोघेही अंध. पुढे २००७ मध्ये त्यांनी एनव्ही अ‍ॅक्सेस ही ना-नफा संस्था काढली आणि आजही तीच हा प्रोग्रॅम सांभाळते. त्याचा कोड खुला आहे. उतरवून घेताना देणगीसाठी विचारतात, पण ती न देताही पुढे जाता येतं. इन्स्टॉलर उघडल्या उघडल्या बोलायला लागतो, त्यामुळे शेजारी डोळस माणूस बसवायची गरज नाही. पेन ड्राइव्हवर पोर्टेबल प्रत करून घेता येते. सायबर कॅफेत किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये तिचा मोठा आधार होतो.

सुरुवातीच्या स्वागताच्या चौकटीत एक चेकबॉक्स असतो : कॅप्स लॉकला एनव्हीडीए की म्हणून वापरायचं का? लॅपटॉप असेल तर होच म्हणा. एरवी ही की म्हणजे इन्सर्ट, आणि अनेक लॅपटॉपांवर इन्सर्ट कुठल्या तरी कोपऱ्यात एफएनच्या जोडीने दडलेली असते. त्याच चौकटीत कीबोर्डची मांडणी डेस्कटॉप की लॅपटॉप हेही विचारतात. पान सलग वाचायला लावण्याची आज्ञा डेस्कटॉप मांडणीत एनव्हीडीए आणि खालचा बाण आहे, लॅपटॉप मांडणीत एनव्हीडीए आणि ए. शिकवणारा एका मांडणीत सांगतो, शिकणारा दुसऱ्या मांडणीत दाबतो, आणि दोघांनाही कळत नाही काय बिघडलंय ते. आधी हे तपासा. एखादी की काय करते हे कळत नसेल तर एनव्हीडीए आणि १ दाबा. मग कोणतीही की दाबली तरी ती काम न करता फक्त आपलं काम सांगते. पुन्हा तेच दाबलं की बाहेर.

आता मुख्य गोष्टीकडे. डोळस माणूस पान उघडतो तेव्हा एका नजरेत त्याला वर पट्टी, डावीकडे मेनू, मधे बातमी, उजवीकडे जाहिरात असं सगळं दिसतं. स्क्रीन रीडरला हे डावं-उजवं नसतं. ब्राउझर पानातल्या प्रत्येक गोष्टीचं नाव, प्रकार आणि स्थिती एनव्हीडीएला देतो, आणि एनव्हीडीए त्यातून वरपासून खालपर्यंत एकच सलग मजकूर उभा करतो. वर्डच्या फाइलमध्ये फिरावं तसं बाणांनी त्यात फिरायचं. खालचा बाण पुढची ओळ, उजवा बाण पुढचं अक्षर, कंट्रोलबरोबर उजवा बाण पुढचा शब्द. कानावर पडतं ते असं : ‘लिंक, मुख्यपृष्ठ’, ‘हेडिंग लेव्हल टू, इतिहास’, ‘बटण, शोधा’, ‘चेकबॉक्स, नॉट चेक्ड, मला अटी मान्य आहेत’. बोलणं मधेच थांबवायला कंट्रोल, नुसतं थबकवायला शिफ्ट.

नवशिक्यांची सगळ्यात घट्ट बसलेली सवय म्हणजे टॅब दाबत राहणं. टॅब फक्त लिंका, बटणं आणि भरायच्या रकान्यांवर थांबतो. साधा मजकूर त्याच्या वाटेत येतच नाही. टॅबने फिरणाऱ्याला बातमीचा मेनू तोंडपाठ होतो आणि बातमी मात्र भेटत नाही. अर्जावरच्या सूचना, ‘फोटो ५० केबीपेक्षा कमी हवा’ यासारखी वाक्यं टॅबने फिरणाऱ्याला कधीच ऐकू येत नाहीत, मग अर्ज नाकारला जातो आणि कारण कळत नाही.

त्याऐवजी ब्राउझ मोडमधली, म्हणजे वर सांगितलेल्या बाणांनी पान वाचायच्या मोडमधली, एकेका अक्षराची उडी शिकायची. एच दाबलं की पुढचं हेडिंग. १ ते ६ आकडे दाबले की त्या त्या पातळीचं हेडिंग. के लिंकसाठी, बी बटणासाठी, ई लिहायच्या रकान्यासाठी, एफ कोणत्याही फॉर्म घटकासाठी, टी तक्त्यासाठी, जी चित्रासाठी, डी पानाच्या मुख्य विभागांसाठी. शिफ्ट धरून तेच अक्षर दाबलं की मागे. सगळी अक्षरं एकदम पाठ करू नका. पहिल्या आठवड्यात एच, एफ, टी, एन आणि कंट्रोल एवढी पुरतात.

यातला एन सगळ्यात दुर्लक्षित आहे. लिंकांचा गठ्ठा ओलांडून तो थेट साध्या मजकुरावर नेतो. ज्या पानांवर हेडिंगच नाहीत, आणि अशी मराठी पानं ढिगाने आहेत, तिथे एच दाबलं तर ‘पुढे हेडिंग नाही’ एवढंच ऐकू येतं. तिथे दोन-तीनदा एन दाबून पाहा, बऱ्याचदा बातमीच्या पहिल्या परिच्छेदावर जाऊन पोचता.

सरावासाठी मराठी विकिपीडियाचा एखादा मोठा लेख घ्या. त्याची बांधणी नेटकी आहे. पान उघडलं की एनव्हीडीए आपणहून वाचायला सुरुवात करतो, त्याला कंट्रोलने थांबवा. १ दाबा : लेखाचं शीर्षक. मग २ दाबत राहा : इतिहास, भूगोल, हवामान, संदर्भ असे विभाग एकापाठोपाठ येतील. अर्ध्या मिनिटात कळतं की लेखात काय आहे आणि आपल्याला हवं ते कुठे आहे. मग तिथे थांबून सलग वाचन सुरू करायचं. दुसरी रीत म्हणजे एनव्हीडीए आणि एफ७. घटकांची यादी उघडते, त्यात लिंका, हेडिंग, फॉर्म घटक, बटणं, विभाग यांपैकी काय हवं ते निवडता येतं, आणि गाळणीच्या रकान्यात दोन अक्षरं टाइप केली की यादी आखडते. नेमका शब्द माहीत असेल तर एनव्हीडीए, कंट्रोल आणि एफ. ब्राउझरचा स्वतःचा कंट्रोल-एफ वापरू नका, त्याने पडद्यावर शब्द सापडतो पण एनव्हीडीएचा कर्सर तिथे जाईलच याचा भरवसा नाही.

वेबएम या अमेरिकी संस्थेने २०२३-२४ मध्ये केलेल्या स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांच्या पाहणीत लांब पानावर माहिती शोधताना आधी हेडिंगवरून जातो असं सांगणारे दहांत सात होते. हेडिंग म्हणजे शोभेचं ठळक अक्षर नव्हे, हे वेबसाइट बांधणाऱ्यांना कळायला एवढा आकडा पुरेसा आहे. अक्षर मोठं आणि ठळक केलं पण हेडिंगची खूण दिली नाही, तर एचला ते दिसतच नाही.

अर्ज भरताना मात्र खरी कसोटी लागते, आणि बहुतेक जण इथेच हात टेकतात.

ब्राउझ मोडमध्ये एच हे अक्षर उडी मारतं, टाइप होत नाही. नाव लिहायच्या रकान्यात ‘ह’ उमटवायचा तर फोकस मोड लागतो, त्यात दाबलेली की थेट रकान्यात टाइप होते. टॅबने रकान्यात शिरलात तर एनव्हीडीए स्वतःच फोकस मोडमध्ये जातो आणि एक छोटा आवाज करतो, बाहेर येताना वेगळा आवाज. हे दोन आवाज कानात बसले पाहिजेत. पण ई दाबून किंवा बाणाने रकान्यापाशी आलात तर तो आपोआप शिरत नाही, एंटर दाबावा लागतो. ‘मी टाइप करतोय आणि पान इकडे तिकडे पळतंय’ ही तक्रार आली की दहापैकी नऊ वेळा कारण हेच असतं. बाहेर पडायला एस्केप. एनव्हीडीए आणि स्पेस दाबून हाताने मोड बदलला असेल तर तो तुम्ही परत बदलेपर्यंत तसाच राहतो, हे विसरलं की एच दाबूनही उडी बसत नाही आणि माणूस गोंधळतो.

आमची शिफारस अशी : अर्ज उघडल्यावर लगेच भरायला बसू नका. आधी ब्राउझ मोडमध्ये खालच्या बाणाने अख्खा अर्ज एकदा ऐका. कोणते रकाने सक्तीचे, कोणती कागदपत्रं, कोणत्या आकाराची फाइल, तारीख कशी लिहायची, हे सगळं रकान्यांच्या मधल्या मजकुरात असतं. मग वर जाऊन एफने एकेक रकाना भरा.

जिल्हा, तालुका, गाव अशी एकावर एक अवलंबून असलेली ड्रॉपडाउन आपल्याकडच्या सरकारी अर्जांत हमखास असतात. ड्रॉपडाउन मिटलेलं असताना खालचा बाण दाबला की पहिलाच पर्याय निवडला जातो, ब्राउझर तो बदल लगेच पुढे पाठवतो, पान नव्याने भरतं आणि तुम्ही पुन्हा पानाच्या डोक्यावर. अहिल्यानगरपाशी अडकलेला माणूस सोलापूरपर्यंत पोचतच नाही. उपाय सोपा आहे : ऑल्ट आणि खालचा बाण दाबून यादी आधी उघडा, मग बाणांनी हवा तो जिल्हा गाठा, मग एंटर. यादी उघडी असताना बदल पुढे जात नाही. पान तरीही नव्याने भरलंच आणि एनव्हीडीए वरून वाचायला लागला, तर सेटिंगमधल्या ब्राउझ मोड विभागात पान उघडताच आपोआप वाचन करण्याचा पर्याय आहे, त्याची खूण काढून टाका. अर्ज भरणाऱ्यांनी तो बंदच ठेवावा.

रकान्याला लेबल जोडलेलं नसेल तर एनव्हीडीए नुसतं ‘एडिट’ म्हणतो. दहा रकाने, दहा वेळा ‘एडिट’. पडद्यावर शेजारी ‘मोबाइल क्रमांक’ लिहिलेलं असतं, पण ते त्या रकान्याचं नाव आहे हे कोडमध्ये सांगितलेलं नसतं. अशा वेळी एस्केप दाबून वरच्या बाणाने आधीची ओळ ऐकायची. बहुतेकदा नाव रकान्याच्या वर असतं, चेकबॉक्सचं मात्र खाली. अंदाज आहे, खात्री नाही, म्हणून जमा करण्यापूर्वी सगळा अर्ज पुन्हा ऐकायचा. चूक झाली की रकान्याभोवती लाल चौकट येते आणि खाली लाल अक्षरं. ती अक्षरं आपोआप वाचली जातील अशी सोय पान बांधणाऱ्याने केली नसेल तर कानाला काहीच कळत नाही. ‘जमा करा’ दाबल्यावर शांतता पसरली तर पुढे गेलो असं समजू नका. एनव्हीडीए आणि टी दाबून पानाचं शीर्षक ऐका, तेच जुनं असेल तर बहुधा अर्ज तिथेच आहे. मग एफने फिरत ‘इनव्हॅलिड एंट्री’ हे शब्द येतात का ते पाहा.

काही पानांवर बटण दिसायला बटण असतं, पण आतून साधा चौकोन. एनव्हीडीए त्याला ‘क्लिकेबल’ म्हणतो. बीला ते सापडत नाही, टॅब तिथे थांबत नाही. बाणाने त्यावर जाऊन एंटर दाबा, एनव्हीडीए तिथे क्लिक पाठवतो आणि बऱ्याचदा काम होतं. लिंक म्हणून नुसतं चित्र लावलं असेल आणि त्याला पर्यायी मजकूर नसेल, तर फाइलचं नाव नाहीतर पत्त्याचा शेवटचा तुकडा ऐकू येतो.

कॅप्चाचा प्रश्न एनव्हीडीए सोडवू शकत नाही. वेड्यावाकड्या अक्षरांचं चित्र हे यंत्राला वाचता येऊ नये म्हणूनच काढलेलं असतं आणि स्क्रीन रीडर हे यंत्रच आहे. एनव्हीडीए आणि आर दाबून विंडोजची अक्षरओळख चालवता येते, पण कॅप्चावर तिच्यावर विसंबू नका. जवळपास ऐकायच्या कॅप्चाचं बटण आहे का ते बीने शोधा. नसेल तर ती वेबसाइट अंध नागरिकाला दारातच अडवते आहे, दुसरं काही नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवा मिळणं हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आहे आणि केवायसीच्या प्रक्रिया सुगम करायचे निर्देश दिले आहेत. तक्रार लिहिताना हा निकाल आणि २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा या दोन्हींचा उल्लेख जरूर करा.

तक्त्यांत एनव्हीडीए फार चांगला आहे. टीने तक्त्यात शिरा, मग कंट्रोल आणि ऑल्ट धरून बाण. आडवं गेलं की रकान्याचं शीर्षक आणि आतला आकडा, उभं गेलं की ओळीचं शीर्षक आणि आकडा. गुणपत्रिकेत ‘मिळालेले गुण’ या रकान्यात उभं खाली आलात तर ‘गणित, ७८’, ‘विज्ञान, ७१’ असं ऐकू येतं. शीर्षकाच्या खुणा नसतील तर नुसते आकडे येतात आणि कोणता आकडा कशाचा हे डोक्यात धरून ठेवावं लागतं. स्वल्पविराम दाबला की तक्त्याच्या किंवा यादीच्या शेवटी, शिफ्टबरोबर दाबला की सुरुवातीला. दोनशे ओळींच्या यादीतून सुटायला ही की सोन्यासारखी आहे.

आता आवाज. एनव्हीडीएबरोबर ईस्पीक एनजी नावाचा आवाज येतो आणि त्यात मराठी आहे. एनव्हीडीए, कंट्रोल आणि व्ही दाबून बोलण्याची सेटिंग उघडा, आवाजांच्या यादीत मराठी निवडा. आवाज पत्र्यासारखा आहे, हे मान्य. पहिल्यांदा ऐकणारा तोंड वाकडं करतो. पण तो कीला लगेच प्रतिसाद देतो, आणि वेग खूप वाढवला तरी अक्षरं एकमेकांत मिसळत नाहीत. वेब पानावर फिरताना प्रत्येक की दाबल्यावर दोन-तीन शब्दच ऐकायचे असतात, तिथे गोडव्यापेक्षा चपळपणा कामाचा. महिनाभर नेटाने वापरून पाहा, कान सरावतो. लांबलचक लेख किंवा पुस्तक ऐकायला मात्र हा आवाज थकवतो.

विंडोजचे हेमंत आणि कल्पना हे हिंदी आवाज कानाला बरे वाटतात आणि लिपी एकच असल्याने मराठीही वाचतात. पण ती हिंदी वळणाने. ‘चाक’, ‘जग’, ‘झाड’ यांतले दंततालव्य उच्चार त्यांना येत नाहीत, आणि मराठी शब्दांचे आघात चुकतात. बँकेतल्या कामाला चालतील, कविता ऐकायला नाही. आवाज यंत्रणा झटकन बदलायची तर एनव्हीडीए, कंट्रोल आणि एस. एखादा शब्द किंवा संक्षेप सतत चुकीचा वाचला जात असेल तर पसंतींच्या मेनूत उच्चारकोश आहे, त्यात ‘रु.’ ऐवजी ‘रुपये’ असं एकदा लिहून ठेवलं की झालं.

एक खटकणारी गोष्ट पानांच्या बाजूची. अनेक मराठी वेबसाइटांच्या कोडमध्ये भाषा इंग्रजी अशी नोंदलेली असते, कारण साचा बाहेरून आणलेला असतो. एनव्हीडीए त्या नोंदीवर विश्वास ठेवून इंग्रजी आवाजाकडे वळतो आणि देवनागरी मजकुराची वाट लागते. ज्या आवाजाला देवनागरी येतच नाही तो शब्दच्या शब्द गाळतो. बोलण्याच्या सेटिंगमध्ये आपोआप भाषा बदलण्याची खूण काढा, म्हणजे तुम्ही निवडलेला आवाजच कायम राहतो.

युनिकोड ही आजची सगळीकडे चालणारी अक्षरपद्धत येण्यापूर्वीच्या फॉन्टांचं दुखणं याहून जुनं. कृतिदेव, शिवाजी यांसारख्या फॉन्टांत पडद्यावर देवनागरी दिसते, पण आत साठवलेली अक्षरं रोमन असतात. कृतिदेवमध्ये ‘भारत’ लिहिलेलं असेल तर आत एच, के, के, जे, आर ही पाच अक्षरं असतात आणि एनव्हीडीए तेच वाचतो. जुनी परिपत्रकं आणि पीडीएफ उघडल्यावर असा अगम्य मजकूर ऐकू आला तर दोष स्क्रीन रीडरचा नाही. मजकूर कॉपी करून फॉन्ट परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणावा लागतो. आणि पीडीएफ उघडल्यावर ‘रिकामा दस्तऐवज’ ऐकू आलं, तर तो स्कॅन केलेला कागद आहे, आत मजकूर नाहीच.

दुसरे पर्याय थोडक्यात. जॉज हा स्क्रीन रीडर १९८९ पासून आहे, नोकरीच्या ठिकाणी, विशेषतः कंपनीच्या खास सॉफ्टवेअरसाठी, त्याचं स्क्रिप्टिंग, म्हणजे एखाद्या प्रोग्रॅमसाठी खास सूचना लिहून ठेवायची सोय, उपयोगी पडतं. तो विकत घ्यावा लागतो आणि महाग आहे. परवान्याशिवाय चाळीस मिनिटं चालतो, मग संगणक पुन्हा सुरू करावा लागतो. केवळ वेब वाचायला एवढा खर्च करू नये. विंडोजचा नॅरेटर कंट्रोल, विंडोज आणि एंटरने कुठल्याही संगणकावर सुरू होतो, एनव्हीडीए बंद पडला तर तात्पुरता आधार म्हणून ही की लक्षात ठेवा. अँड्रॉइडवर टॉकबॅक आहे : तीन बोटं वर किंवा खाली सरकवून ‘हेडिंग’ हा पर्याय आणायचा, मग एका बोटाने खाली सरकवलं की पुढचं हेडिंग. गूगलचा मराठी आवाज ईस्पीकपेक्षा खूप सरस आहे, म्हणून निवांत वाचनाला फोन आणि अर्जाला संगणक अशी वाटणी बऱ्याच जणांना सोयीची पडते.

२०२५.१ या आवृत्तीपासून एनव्हीडीएत दूरस्थ जोडणी आतच आली आहे. दोघांनी एकच परवलीची की टाकली की पुण्यातला प्रशिक्षक गडचिरोलीतल्या विद्यार्थ्याचा संगणक आपल्या कीबोर्डने चालवू शकतो आणि तिथलं बोलणं इथे ऐकू शकतो. बँकेचं पान उघडण्यापूर्वी ही जोडणी तोडायला विसरू नका. आणि लोकांत बसून पासवर्ड टाकत असाल तर सेटिंगमध्ये स्क्रीन कर्टन आहे. तो लावला की पडदा पूर्ण काळा होतो, बोलणं चालू राहतं.

डोळस वेबसाइटवाल्यांनाही हे साधन तितकंच लागतं. साधनांच्या मेनूतला स्पीच व्ह्यूअर उघडा, एनव्हीडीए जे बोलतो ते त्यात अक्षरांत उमटतं. माउस बाजूला ठेवा आणि एनव्हीडीए आणि एफ७ दाबून आपल्याच पानाच्या लिंकांची यादी पाहा. त्यात ‘अधिक वाचा’ वीस वेळा दिसलं, किंवा हेडिंगची यादी रिकामी निघाली, तर दुरुस्तीची सुरुवात तिथूनच करा.